शेवंताचा उच्चार

लीड्सला मुलाकडे आलेल्या शेंडकर सरांना शेजारच्या इंग्रज आजीबाईंनी विचारलं, "कुप ऑफ टी?"

आयुष्यभर इंग्रजी शिकवलेले सर दचकले. मुलगा हसला, "बाबा, इकडची माणसं 'कप'ला 'कुप'च म्हणतात."

सरांना सातवीतली शेवंता आठवली. 'पुट'सारखंच 'कप'लाही 'कुप' वाचलं म्हणून त्यांनी तिला आठवडाभर बाकावर उभं केलं होतं. पोरं तिला 'कुप' म्हणून चिडवायला लागली. तिनं शाळाच सोडली.

गावाकडून नंबर मिळवून त्यांनी तिला फोन लावला. "शेवंता, तुझं चुकलं नव्हतं गं. इंग्रजसुद्धा 'कुप'च म्हणतात."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"असं होय?" ती म्हणाली. "मग आता काय करू सर? येऊन बसू वर्गात?"