आखडणारी सावली

गावात कुणाच्या अंगावर आपली सावली पडू नये म्हणून माझे आजोबा जन्मभर अंग चोरून चालले. मी मात्र शिकलो, नोकरी केली, लातुरात घर बांधलं.

बायको गेल्यापासून संध्याकाळी फाटकाबाहेर खुर्ची टाकून एकटाच बसतो. माझी सावली रस्ताभर पसरते. पण कुणी येताना दिसलं, की ती झटकन आखडते.

लेक बुद्धप्रिया पुण्यात डॉक्टर आहे. फोनवर म्हणाली, "बाबा, सावलीची भीती वाटते ना, त्याला शब्द आहे. छायाभय."

"मी कुठं भितो, बाई? सावलीच भिऊन राहिली."

आज रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी सावली आखडत आखडत माझ्या पायाशी आली आणि तिनं हात जोडले.

माझे हात मांडीवर होते.