किंगलेट यंदाही नाही

नाताळच्या पक्षीगणतीला एइनार आणि त्याची बायको लव्हॉन दरवर्षी त्याच रानवाटेने जात. पक्षी दिसला नाही, नुसता आवाजावरून ओळखला तरी गणतीत धरत; लव्हॉन वहीत नोंद करी. एइनारचे कान त्यासाठी साऱ्या गावात नावाजलेले होते.

स्प्रूसच्या झाडाखाली तो थांबला, टोपी कानांवरून वर सारली आणि बराच वेळ उभा राहिला.

"किंगलेट यंदाही नाही. रान मेलं, लव्हॉन. पुढच्या वर्षी मी काही येत नाही. थकलो."

त्याच्या डोक्यावरच्या फांदीत अंगठ्याएवढं किंगलेट सुईसारख्या बारीक आवाजात गात होतं. तो आवाज लग्नानंतर त्यानेच तिला ओळखायला शिकवला होता. लव्हॉनने वर पाहिलं आणि पेन्सिल हळूच खिशात घातली.

"वर काय बघतेस गं?"

"काही नाही रे. मान अवघडलीय."

दोघं बर्फातून पाय ओढत निघाली. वळणापाशी एइनार थांबला.

"गेल्या वर्षीही तुझी मान त्याच झाडाखाली अवघडली होती," तो म्हणाला. "काढ ती पेन्सिल. एक किंगलेट लिही."