मागच्या सीटवर कोण होतं?

"आबा, आज बाजाराला जाऊ नका. विमानवाले येणारेत," आरोही म्हणाली.

"तोडलेला टोमॅटो थांबतो व्हय पोरी?" हौशीराम नजर न उचलता क्रेट भरत राहिला. एरवी नारायणगावला माल त्याचा मुलगा सुभाषच न्यायचा, त्यामुळे आरोहीला नवल वाटलं.

महाळुंगे पडवळमध्ये हौशीरामला पन्नास वर्षं 'पायलट' म्हणतात, तेही चेष्टेनं. दुष्काळाच्या साली नदीपलीकडच्या पडीक रानात एक छोटं विमान उतरलं होतं. लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड, एकामागे एक अशा दोनच सीटा. महायुद्ध संपल्यावर हौशी लोकांसाठी बनवलेलं. बिघडलेलं इंजिन नीट करून वैमानिकानं गावावर घिरट्या घातल्या. टोपी-चष्म्यातली दोन डोकी सगळ्यांनी खालून पाहिली. दुसरं डोकं माझं, असं हौशीराम सांगत आला. पण विहिरीत डोकावतानाही ज्याला घेरी येते, त्याचं कोण ऐकणार?

आरोहीनं ऐकलं होतं. वर्गात तिनं ते छातीठोकपणे सांगितलंही होतं.

"वरून नदी कशी दिसती, आबा?"

"वाळत घातलेल्या लुगड्यागत."

"आन् घिरट्या किती?"

"तीन."

"चार," भाकरी थापता थापता आजी, ठमाबाई, म्हणायची.

"हां, चार," आबा मान डोलवायचे.

माल न्यायला जीप यायच्या आधीच पाहुणा आला. आदेश त्याचं नाव. पुण्यात एका शेडमध्ये सडत पडलेलं ते विमान त्यानं तीन वर्षं खपून उडण्याजोगं केलं होतं. वैमानिक कधीच वारला होता. त्याची वही तेवढी मिळाली होती.

"पहिल्या फेरीला मागच्या सीटवर त्याच माणसाला बसवायचं, असं मी ठरवलंय," आदेश म्हणाला. "वहीतल्या गावाच्या नावावरून इथवर आलो."

"बसवा की!" शेजारचा गोकुळ ओट्यावर येऊन टेकला होता. "पण वहीत आमच्या पायलटचं नाव हाय का, ते आधी दाखवा राव."

आदेशनं वही उघडली. हौशीराम चटकन पुढं झाला आणि त्यानं पानावर हात ठेवला.

"मिटा ती, पावणं. जुनी गोष्ट हाय. नाय बसायचं मला."

"घ्या! पायलट आपसूक खाली उतरलं," गोकुळ खदखदून हसला.

आरोही आबांकडे बघतच राहिली. आबा खोटं बोलत होते? इतकी वर्षं? उद्या वर्गात कोणत्या तोंडानं जायचं?

पदराला हात पुसत ठमाबाई बाहेर आली.

"वाचू द्या पोरीला," ती नवऱ्याला म्हणाली. "लई ऐकून घेतलं तुमी लोकांचं."

हौशीरामनं तिच्याकडं पाहिलं. मग हळूच हात काढून घेतला.

आरोहीनं वही जवळ ओढली. शाई फिकट झाली होती, पण अक्षर सुरेख होतं. ती मोठ्यानं वाचू लागली:

"इंजिन ठीक. जागा एकाचीच होती, म्हणून मदतीला आलेल्या शेतकऱ्याला विचारलं, येतोस का वर? त्यानं मागं उभ्या असलेल्या आपल्या नव्या नवरीकडं पाहिलं आणि म्हणाला, हिला न्या साहेब. गावाला काय सांगायचं ते मी बघतो."