वरचा भरवसा

“तुमच्या गावात इंटरनेट टिकतं का?” पडद्यावरच्या बाईंनी विचारलं.

वैष्णवी याच प्रश्नाची वाट पाहत होती. नोकरी घरी बसून करायची होती, म्हणजे सगळं या उत्तरावर अडलेलं. आधीच्या दोन मुलाखती मोबाइलच्या टॉवरने खाल्ल्या होत्या. म्हणून तर तिने शिकवण्यांचे साठवलेले पैसे मोडून छतावर उपग्रहाच्या इंटरनेटची डिश बसवून घेतली होती. दारव्ह्याच्या अलीकडे, एवढ्याशा गावात, एकच.

“टिकतं, मॅडम. आता थेट उप...”

बाईंचं तोंड अर्धं उघडं राहिलं ते राहिलंच. चित्र थिजलं, मग पडदा काळा झाला.

“अरे देवा, आत्ताच?” वैष्णवी उठली आणि जिन्याकडे धावली.

छतावर वेगळीच लगीनघाई चालली होती. ऐन डिसेंबरात, भर अकरा वाजता, आभाळ गच्च भरून आलं होतं. छतभर वाळत घातलेला दोन वेचणींचा कापूस वैष्णवीच्या आईबाबांनी, विमलताई आणि वामनरावांनी, भराभर मधोमध ओढला होता. परवा तो खरेदी केंद्रावर न्यायचा होता. भाव तसाही पडलेला, त्यात ओला कापूस तिथे कुणी घेत नाही. ढिगावर नवीकोरी ताडपत्री टाकून वामनराव तिच्या कोपऱ्यांवर विटा ठेवत होते, आणि स्वतःच्या अकलेवर खूशही होते. ताडपत्री मधोमध कशी छान उंच उभी होती! पाणी चारी बाजूंनी ओघळून जाईल अशी. तंबूला असावा तसा आत एक खांब होता ना.

तो खांब म्हणजे डिश.

“बाबा! काय केलं हे?”

“काय केलं? कापूस झाकला. अन् तुही ती महागाची वस्तूही झाकली. भिजली असती नाही तं.” वामनराव शाबासकीची वाट पाहत उभे राहिले.

“तिले आभाळ दिसलं पाहिजे, बाबा! सांगतलं होतं नं मी? आभाळ नाही दिसलं तं नेट नाही येत. अन् माही मुलाखत...”

वामनरावांच्या हातातली वीट हातातच राहिली. डिश आली त्या दिवशी त्यांनीच चारचौघांत ऐकवलं होतं, “वरून येणाऱ्या कशाचा भरवसा मले सांगू नका. चाळीस वर्सं झाली, पाहून राह्यलो.” सगळे हसले होते. आज वरून येणारं नेट चुकलं नव्हतं, त्यांचीच ताडपत्री आड आली होती.

टपोरे थेंब पडू लागले.

“काढा मंग ताडपत्री,” विमलताई म्हणाल्या खऱ्या, पण काढली तर कापूस गेला.

“किती टाइम हाये तुह्यापाशी?” वामनरावांनी विचारलं.

“दहा मिन्टं थांबतेत. मंग दुसऱ्याले बोलावतेत. त्यातले चार गेले.”

सुतळी कापायला आणलेला विळा तिथेच पडला होता. वामनरावांनी तो उचलला.

“अजी, नवीन हाये नं ते!” विमलताई ओरडल्या.

चर्रकन ताडपत्री फाटली. वामनरावांनी भोक मोठं केलं, दोन्ही हातांनी ताडपत्री खाली ओढली आणि डिशचं डोकं वर आलं, सदरा घालताना लेकराचं येतं तसं. पण फटीतून पाणीही सरळ कापसात उतरू लागलं. त्यांनी गळ्यातला दुपट्टा डिशच्या मानेभोवती गुंडाळला. पुरला नाही. विमलताईंनी बडबडतच अंगावरची शाल काढून दिली. तीही कोंबून वामनराव वाकले आणि फट दोन्ही हातांनी दाबून धरली.

“जाय नं खाली! काय पाहून राह्यली?”

“अन् तुम्ही?”

“मले काय होते? जाय म्हटलं नं!”

वैष्णवी ओल्या केसांनी खुर्चीत येऊन बसली. पडद्यावर गोल चक्र फिरत होतं. आठ मिनिटं झाली. नऊ झाली. तिला रडू येत होतं, आणि राग कुणाचा धरावा तेही कळत नव्हतं. मग एकदम बाईंचा चेहरा आला.

“हं, आलात! टिकतं म्हणालात आणि गेलातच की.” बाई हसल्या, पण हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं नव्हतं. “खरं सांगा मला. आमचे ग्राहक फोनवर खोळंबलेले असतात. पुन्हा असं गेलं तर?”

बाहेर पावसाने जोर धरला होता. जिन्यातून आईचा आवाज आला, “अजी, घोंगडी तरी घ्या अंगावर!” आणि पाठोपाठ बाबांचा, “हात सोडता येते का मले? तूच टाक माह्या पाठीवर. अन् तिच्यावर नको टाकू, तिले आभाळ पाह्यजे!”

वैष्णवीने डोळे पुसले.

“आता नाही जाणार, मॅडम,” ती म्हणाली. “वर माझे बाबा उभे आहेत.”