कापसातली सुई

सुई काही निघेना. घाईत सुलक्षणाची नखं दोनदा रेकॉर्ड प्लेअरवरच आपटली.

सव्वाचार वाजले होते. लायब्ररीचा काउंटर पाचला बंद होणार आणि बाबा पेशंट संपवून साडेसहाला घरी येणार. त्याआधी सुई तिथं तपासून आणून, परत जागेवर बसवायला हवी होती. नाहीतर संपलंच सगळं!

डॉक्टर चंद्रशेखर यांचा शब्द वॉटफर्डातले गोरे पेशंटसुद्धा मोडत नसत, मग घरात कोणाची बिशाद! या घरात दोन गोष्टींना बंदी होती. बाबांच्या रेकॉर्ड प्लेअरला हात लावायचा नाही आणि माधवचं नाव काढायचं नाही.

माधव तिचा दादा. तीन वर्षांपूर्वी, पंच्याऐंशी साली, त्यानं मेडिकल सोडून सॅक्सोफोन धरला आणि बाबांनी त्याला सरळ दार दाखवलं. "पुन्हा हे जॅझ-बिझ या घरात वाजलं, तर वाजवणाऱ्यानं बॅग भरायची," एवढंच ते म्हणाले. आई दोन दिवस जेवली नव्हती.

तेव्हापासून रात्रीचं जेवण झालं, की बाबा हेडफोन लावून बसायचे. मांडीवर भीमपलासच्या रेकॉर्डचं कव्हर आणि डोळे मिटलेले. आई स्वयंपाकघरातून बघायची आणि कुरकुरायची, "यांचं तालाचं भानच गेलंय हल्ली. बोटं बघ कुठे पडतायत! समेवर येतील तर शपथ."

आणि अशा घरातली ही पोरगी जॅझच्या नादी लागली. आधी लायब्ररीतून एका गाणाऱ्या बाईची रेकॉर्ड आणली, नुसतं कव्हर आवडलं म्हणून. ती बाई शेजारी बसून गुपित सांगावं तशी गात होती. मग दुसरी आणली, तिसरी आणली. गाणाऱ्यांवरून गाडी वाजवणाऱ्यांवर गेली. आई कामावरून यायच्या आत, आवाज बारीक करून, एक कान दाराकडे ठेवून ती ऐकायची. शनिवारी मात्र ती लायब्ररीकडे फिरकत नसे. बाबा गाडी धुवायला म्हणून गावात जायचे आणि दोन-दोन तास यायचे नाहीत. उगाच समोर आले तर?

एका दुपारी रॅक चाळताना नव्या पोरांच्या एका बँडची रेकॉर्ड हाती लागली. मागं बारीक अक्षरांत वाजवणाऱ्यांची नावं होती. चौथं नाव माधवचं. तिला रडूच फुटलं. घरी आणून तिनं ती ऐकली, तीही दोनदाच, कारण तिसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही.

परत द्यायला गेली, तर काउंटरवरच्या बाईंनी नेहमीप्रमाणे रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. पार घासून टाकलंय कोणीतरी. खराब सुईनंच असं होतं. तुमची सुई आणून दाखवा, बुधवारपर्यंत. नाहीतर गॅरंटरला पत्र पाठवावं लागेल."

सतरा वर्षांच्या मुलीचा गॅरंटर कोण? बाबाच. अभ्यासाची पुस्तकं म्हणून हमीपत्रावर त्यांची सही घेतली होती! त्या दिवसापासून दाराच्या फटीतून टपाल पडलं, की ती आधी धावायची.

आज बुधवार.

खट् झालं आणि सुई हातात आली. आता ठेवायची कशात? खालच्या ड्रॉवरमध्ये एक रिकामी काडेपेटी सापडली. आत कापूस होता आणि कापसात मधोमध एक खळगा. सुई त्यात अगदी फिट बसली. विचार करायला वेळ कुठे होता? ती धावत सुटली.

रस्त्यात बाबांच्या पेशंट मधुमतीबेन भेटल्या. "डॉक्टरांची बेबी ना? एवढी पळते कुठे?" सुलक्षणा हसली न हसली आणि पुढं निघाली. या आता बाबांना सांगणार, नक्की सांगणार!

बाईंनी सुई मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि बराच वेळ पाहिली.

"एका बाजूनं तुटलीय. ही बदलल्याशिवाय रेकॉर्ड मिळायची नाही."

"आणि पत्र?"

"तुम्ही आणलीत ना? मग पत्र कशाला?"

सुलक्षणानं इतक्या दिवसांनी पोटभर श्वास घेतला. परतीच्या वाटेवर तर ती गुणगुणतही होती.

कोपऱ्यावर वळली आणि जागीच थबकली. दारात बाबांची गाडी उभी होती. पेशंट आज लवकर संपले वाटतं!

ती आत गेली. बाबा ओव्हरकोट न काढताच रेकॉर्ड प्लेअरसमोर उभे होते. झाकण उघडं होतं.

"सुई कुठंय?"

तिनं काडेपेटी टेबलावर ठेवली.

"सॉरी, बाबा. लायब्ररीनं चेक करायला मागितली होती. मी जॅझच्या रेकॉर्ड आणत होते. आय नो, तुम्ही सांगितलं होतं. मी बॅग भरते."

बाबांनी काडेपेटी उघडली, सुई चिमटीत धरली आणि खिडकीच्या उजेडात नेली.

"काय म्हणाली बाई?"

"तुटलीय म्हणाली. बदला म्हणाली."

"हं. मलाही शनिवारी तेच म्हणाली." त्यांनी सुई अलगद कापसात ठेवली. वर न बघताच त्यांनी विचारलं, "सुले, ते दुसऱ्या बाजूचं तिसरं... वाजेल ना गं अजून?"