मीठ, लोणचं, जाऊ

द्वारकाबाई पुढच्या श्रावणात हृदयविकाराने वारल्या. तपासणी यंत्राने हे आधीच पाहिलं आणि आरोग्य खात्याने त्याची कारणं एकेक करून हटवायला घेतली, त्यामुळे त्या वारल्याच नाहीत असं धरून चालायचं.

प्रतिबंधाच्या पहिल्या पायरीवर मीठ गेलं, दुसरीवर लोणचं. तिसरीला नर्स डिमेलो घरी आल्या. "मावशी, रमीत रोज भांडून तुमचा रक्तदाब वाढवतात ना, त्या जाऊबाईंना खात्याने लातूरला हलवलंय."

"मीठ बंद केलंत, गप्प बसले. आता जाऊ बंद?"

"त्यांच्या जागी शांत स्वभावाची जाऊ मिळेल."

"ती पदराखाली पत्ते लपवते?"

"छे!"

"मग तिला काय ओवाळू?"

द्वारकाबाईंनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला : 'महोदय, माझी जाऊ व माझा हृदयविकार, दोन्ही मूळ स्थितीत परत मिळावेत, ही नम्र विनंती.'