ताटीवरचं पाणी

ऊन लागून नानाजी तापानं बरळू लागले, तेव्हा डॉक्टरांनी खोलीत थर्मामीटर टांगून त्यांच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईंना बजावलं, "खोलीचा पारा नव्वद फॅरनहाइटच्या खाली आणा." भर दुपारी शेजारच्या कवडूनं खिडकीत वाळ्याची ताटी ठोकली. "वयनी, सुकू द्याची नाई. मी बाहेरून पाणी मारत राह्यतो."

छप्प. छप्प. खोलीभर ओल्या वाळ्याचा गारवा पसरला. पारा अठ्ठ्याऐंशीवर उतरला. नानाजींनी डोळे उघडून पाणी मागितलं. अन्नपूर्णाबाईंच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात मागच्या दारातून कवडू भरल्या बादल्या घेऊन आला, घामाघूम.

"विहिरीवर लय गर्दी होती, वयनी. आता सुरू करतो."

ताटीवर छप्प झालं.

कवडू खिडकीकडे वळला. अन्नपूर्णाबाई आडव्या आल्या.

"पाहू नोका, भाऊजी. मारून राह्यलं तं मारू द्या."